पालाश खाणारा जिवाणू आणि आपला ऊस



मागे लागण हंगामाच्या तोंडावर गटवार सभा चालू होत्या. जिवाणू खतांची माहिती सांगत असताना मागच्या रांगेतून एक सभासद उठले आणि म्हणाले, "सायेब, तुमी म्हणताय ह्यो जिवाणू पोटॅश खातोय. मग आमच्या उसाला काय देतोय?" सभेत हशा पिकला. मीही हसलो आणि चहा येईपर्यंत काहीबाही सांगून वेळ मारून नेली. पण परत येताना गाडीवर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. नत्राचे जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पालाश मात्र हवेत नसतेच. मग हा जिवाणू करतो तरी काय? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

यात पैशाचीही गोष्ट आहे. म्युरेट ऑफ पोटॅश आपल्या देशात निघत नाही, परदेशातून बोटीने येते. २०२२ साली पोत्याचा भाव सतराशे रुपयांच्या घरात गेला, तेव्हा आमच्या पाहण्यात काही जणांनी पोटॅशला पूर्ण फाटा दिला आणि त्याजागी एक-दोन लिटर जिवाणूंची बाटली सरीत सोडून दिली. त्यांचे चुकले की बरोबर, हे ठरवायचे तर जिवाणूच्या घरात डोकावल्याशिवाय इलाज नाही.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. एका मिलिमीटरच्या लांबीत नेहमीचे पाचशे जिवाणू शेपटीला डोके लावून सहज बसतील. या पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. तो इतका पातळ की असे लाखभर पापुद्रे एकावर एक ठेवले तरी जाडी मिलिमीटरच्या आतच राहील. हा पापुद्रा तेलकट पदार्थाचा असतो. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की पाणी त्यात मिसळत नाही, हे आपण रोज बघतो. पोटॅशियमचा कण जमिनीच्या ओलाव्यात विरघळतो तेव्हा त्याच्यावर विजेचा धन भार असतो आणि तो अंगाभोवती पाण्याची शाल गुंडाळून फिरतो. अशा कणाला, म्हणजे आयनाला, तेलकट पापुद्र्यातून आपोआप आत शिरता येत नाही. त्यासाठी दरवाजाच लागतो.

आणि आत न्यायचे तर किती? ई. कोलाय हा माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू शास्त्रज्ञांनी सर्वांत जास्त तपासलेला आहे. त्याच्या पेशीतल्या पाण्याचा हिशेब केला तर लिटरला सात-आठ ग्रॅम पोटॅशियम निघते. आपल्या रानातल्या ओलाव्यात ते लिटरला काही मिलिग्रॅम, फार तर काही दहा मिलिग्रॅम असते. म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त. सोडियमचे नेमके उलटे असते. ते बाहेर जास्त आणि आत कमी, आणि आत आलेच तर जिवाणू त्याला बाहेर ढकलतो. एवढे पालाश जिवाणूला कशाला? पेशी फुगीर राहावी म्हणून, आतली आम्ल-विम्ल स्थिती सांभाळावी म्हणून, आणि प्रथिने बनवण्याचा कारखाना चालू राहावा म्हणून. पालाश कमी पडले की उसाची जुनी पाने कडेने करपतात, तशी जिवाणूची वाढच थांबते.

मोटेचा हिशेब

आता कमी असलेल्या ठिकाणाहून जास्त असलेल्या ठिकाणी माल न्यायचा म्हणजे चढावर न्यायचा. त्याला शक्ती लागते. जिवाणू ती दोन तऱ्हांनी वापरतो.

पहिली तऱ्हा जुन्या माणसांना मोटेवरून लगेच कळेल. बैल धावेवरून खाली उतरतात आणि मोट विहिरीतून वर येते. एक उतरतो म्हणून दुसरी चढते. जिवाणू खाल्लेल्या अन्नाच्या जोरावर हायड्रोजनचे आयन सतत पेशीबाहेर टाकत असतो. त्यामुळे बाहेर त्यांची गर्दी होते, आत विजेचा ऋण भार राहतो, आणि त्या आयनांना परत आत यायची ओढ लागते. ते आत येताना पोटॅशियमला बरोबर घेऊन येतात. मोटेशी फरक इतकाच, की इथे बैल आणि मोट दोघेही एकाच दाराने एकाच दिशेला जातात. या दरवाजाला शास्त्रात टीआरके म्हणतात. तो मोठा, झपाट्याने माल घेणारा दरवाजा आहे, पण त्याला बाहेर पालाश बऱ्यापैकी लागते. लिटरला चाळीस ते ऐंशी मिलिग्रॅम असले की तो निम्म्या वेगाने चालतो, त्याहून कमी झाले की मंदावत जातो. कप नावाचा आणखी एक मधल्या ताकदीचा दरवाजा आहे. तो विशेषतः आंबट, म्हणजे आम्लधर्मी परिस्थितीत कामाला येतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे सरळ मोटार बसवणे. आपल्याकडे दूधगंगेला पाणी भरपूर असताना उपसा योजनेला त्रास होत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जादा अश्वशक्तीची मोटार लावावी लागते आणि वीजबिल बघून डोळे पांढरे होतात. जिवाणूचेही तसेच. बाहेरचे पालाश फारच तुटले, की एरवी न बनवलेला केडीपी नावाचा पंप तो मुद्दाम बनवतो. हा पंप एटीपी जाळतो. एटीपी म्हणजे पेशीचे रोख चलन. पण पंपाची ताकद अशी, की लिटरला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी पालाश असेल तरी तो ते वेचून आत घेतो. टीआरकेपेक्षा तो साधारण हजारपट कमी मालावर चालतो. पापुद्र्यातच बसलेला एक पहारेकरी पालाशची टंचाई ओळखतो, आत निरोप धाडतो, आणि मग पंप बांधायला घेतला जातो. टंचाई सरली की बांधकाम बंद. नदी भरलेली असताना महागडी मोटार चालवत बसणारा जिवाणू टिकत नाही.

हे दरवाजे वेगवेगळे आहेत हे कळले कसे, तीही गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात वुल्फगँग एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०-७१ च्या सुमारास ई. कोलायचे असे बिघडलेले वाण निवडले, की ज्यांना भरपूर पालाश दिले तरच ते वाढत. एकेका वाणात एकेक दरवाजा नादुरुस्त होता. कोणता दार मोडलेला वाण किती पालाशवर जगतो, यावरून त्यांनी दरवाजांची यादी लावली. नांगराचा एकेक भाग काढून बघायचा आणि तो कशासाठी होता हे ओळखायचे, त्यातलाच हा प्रकार. केडीपी पंपाची अणूअणूंची रचना मात्र फार उशिरा, २०१७ साली उलगडली. त्यात एक भाग जुन्या साध्या दरवाजासारखा निघाला आणि दुसरा मोटारीसारखा. जणू कोणीतरी दारालाच मोटार जोडून दिली होती.

पहिल्या पावसाच्या वासाचे भाऊबंद

मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडला की जो वास सुटतो, तो बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंचा असतो. याच कुळातला स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स नावाचा मातीतला जिवाणू १९९८ साली जगप्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रॉडरिक मॅकिनन यांनी त्याच्या पोटॅशियमच्या एका दरवाजाची रचना क्ष-किरणांनी शोधून काढली. त्याबद्दल त्यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते पीटर अ‍ॅग्रे यांच्याबरोबर वाटून मिळाले. अ‍ॅग्रे यांनी पेशीत पाणी येण्याजाण्याचा मार्ग शोधला होता.

कोडे असे होते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग मोठा आयन ज्या दारातून जातो त्यातून लहान का जात नाही? आपल्या चाळणीत तर बारीक माल आधी पडतो! उत्तर दाराच्या सर्वांत अरुंद जागी सापडले. तिथे ऑक्सिजनचे अणू कड्यांसारखे रचलेले असतात. आत शिरताना पोटॅशियमला अंगावरची पाण्याची शाल काढावी लागते. ती काढायला तो तयार होतो, कारण पाण्याने जसे त्याला धरले होते तसेच हुबेहूब हे ऑक्सिजन अणू त्याला धरतात. सोडियम लहान, त्यामुळे तो त्या कड्यात नीट बसत नाही. शाल सोडून नागडे व्हायचे आणि धरायला कोणी नाही, असा तोट्याचा सौदा तो करत नाही. म्हणून दहा हजार पोटॅशियममागे फार तर एखादा सोडियम चुकून जातो. तरीही दाराचा वेग इतका, की एका सेकंदात कोट्यवधी आयन पार होतात. कारखान्याच्या गेटवर प्रत्येक गाडीची पावती बघूनही रांग लागू नये, तसे हे आहे. आपल्याला ते अजून जमलेले नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, हे जिवाणूचे पुराण आम्हाला कशाला? तर त्याचे कारण असे, की उसाच्या मुळाच्या पेशीलाही याच घराण्यातले दरवाजे आहेत. वनस्पतींच्या मुळात पालाश ओढणारी जी मोठी कुटुंबे आहेत, त्यातले एक जिवाणूच्या कप दरवाजाचे भाऊबंद आहे आणि दुसरे टीआरकेचे. म्हणजे रानात खत टाकले की जिवाणू आणि ऊस एकाच ताटात जवळजवळ सारख्याच हातांनी जेवायला बसतात.

खारे रान, गोड रस

क्षारपड जमिनीचे दुखणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याची कामे झाली, ती अनेकांनी जाऊन पाहिली आहेत. आपल्याकडेही दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत जादा पाणी देणाऱ्यांच्या शेतात पांढरा थर दिसायला लागतो. अशा खाऱ्या ओलाव्यात जिवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्यात मीठ घातल्यावर कैरीला पाणी सुटते तेच. अशा वेळी जिवाणू पहिल्या काही मिनिटांतच एक काम करतो. दरवाजे उघडून भराभर पोटॅशियम आत घेतो. आतला विद्राव दाट झाला की पाणी परत आत येते. पोटॅशियमच्या धन भाराला जोड म्हणून तो ग्लुटामेट नावाचे ऋण भाराचे आम्ल तयार करतो.

पण नुसत्या पालाशवर फार काळ भागत नाही. फार दाटले की पेशीच्या इतर कामांत अडथळा येतो. म्हणून मागाहून जिवाणू पालाश कमी करून त्याच्या जागी निरुपद्रवी पदार्थ भरतो. ट्रेहॅलोज नावाची साखर, प्रोलिन, बीटेन असे ते पदार्थ. यातल्या बीटेनचे नाव बीटवरून पडले, कारण ते प्रथम साखर-बीटच्या रसात सापडले. साखरधंद्यातल्या माणसाला ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली, एवढेच.

उलट बाजूही आहे. वाळलेल्या, खाऱ्या मातीवर अचानक धो-धो पाऊस पडला तर पाणी जोराने पेशीत घुसते आणि जिवाणू फुग्यासारखा फुटायच्या बेतात येतो. त्यासाठी पापुद्र्यात ताण पडला की उघडणाऱ्या झडपा असतात. धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात तशा त्या उघडतात आणि क्षणार्धात पालाश व इतर माल बाहेर सोडून देतात. या झडपा काढून टाकलेले जिवाणू अशा प्रसंगी खरोखर फुटतात, हे १९९९ साली प्रयोगाने दाखवले गेले. बाहेर पडलेले ते पालाश मुळांना मोकळे मिळते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

साखरेशी संबंधित आणखी एक दार सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिवाणूला एकदम भरमसाट साखर मिळाली की घाईघाईत पचवताना त्याच्या पेशीत मिथाइलग्लायॉक्झल नावाचे विष तयार होते. त्यावर उपाय म्हणजे केफ नावाचे बाहेर जाणारे दार. विषाची खूण मिळताच ते उघडते, पोटॅशियम बाहेर जाते, हायड्रोजनचे आयन आत येतात, पेशी थोडी आंबट होते आणि त्या आंबटपणात विषाचा मारा कमी बाधतो. म्हणजे इतक्या कष्टाने जमवलेले पालाश जीव वाचवण्यासाठी तो ओतून देतो.

आणि ज्या मातीत पालाश भरपूर आहे तिथे? बॅसिलस कुळातले काही जिवाणू पालाश जादा झाले तर मरणाच्या दारात जातात. त्यांच्यात एक छोटा रेणू आहे, तो पालाश वाढले की आत येणाऱ्या दारांना कुलूप लावतो. याच बॅसिलसच्या थरात एक जिवाणू पालाश बाहेर सोडतो, शेजारी ते ओळखून आपलेही सोडतो, आणि असा विजेचा निरोप सगळ्या थरभर जातो, हे २०१५ साली कॅलिफोर्नियात दिसून आले. मुळावरच्या बुळबुळीत थरात हा प्रकार किती चालतो, हा पुढच्या अभ्यासाचा विषय आहे.

आता सभेतल्या प्रश्नाचे उत्तर

जमिनीत एकूण पालाश पुष्कळ असते. पण त्यातले बहुतेक अभ्रकासारख्या खनिजांत आणि मातीच्या थरांत अडकलेले असते, पिकाला लगेच मिळणारा भाग शेकड्याला एक-दोनच. पालाशाचे म्हणून जे जिवाणू बाटलीत मिळतात, उदाहरणार्थ फ्रॅट्युरिया ऑरेंशिया किंवा बॅसिलसच्या काही जाती, ते सेंद्रिय आम्ले सोडून खनिजांतले थोडे पालाश मोकळे करतात. त्यातले काही ते वर सांगितलेल्या दारांनी स्वतःच्या पोटात घेतात. उरलेले मुळाला मिळते. पोटातले केव्हा मिळते? जिवाणू मेला, दुसऱ्या सूक्ष्म जीवाने त्याला खाल्ले, किंवा पावसाच्या झटक्याने झडप उघडली, तेव्हा. तेव्हा सभासदांचा टोमणा निम्मा खरा होता. जिवाणू खातो हे खरे, पण त्याचे खाणे ही ठेव आहे, बुडीत खाते नाही.

मात्र जिवाणू पालाश निर्माण करत नाही. नत्राच्या जिवाणूंशी त्याची तुलना इथेच संपते. शंभर टनाचे पीक दोनशे किलोहून अधिक पालाश रानातून उचलते, आणि ते ऊस होऊन गाडीत बसून कारखान्यात येते. बाटलीने रानात पालाशचा एक कणही बाहेरून येत नाही. भारी काळ्या जमिनीत खनिजांचा साठा मोठा, तिथे जिवाणूंना काम करायला वाव आहे. पश्चिमेकडच्या तांबड्या, पावसाने धुऊन निघालेल्या हलक्या जमिनीत साठाच कमी, तिथे बाटलीवर विसंबून पोटॅश बंद करणे म्हणजे रिकाम्या कणगीत उंदीर सोडण्यासारखे आहे.

शिफारशीचा आकडा बहुतेकांना पाठ असेल. हेक्टरी सुरू उसाला ११५ किलो, पूर्वहंगामी व आडसालीला १७० किलो पालाश. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाले तर त्यात काटछाट करता येते, पण कागद हातात आल्यावर, अंदाजाने नाही. जास्त टाकणेही फायद्याचे नाही. ऊस गरजेपेक्षा जास्त पालाश ओढून ठेवतो, ते रसात उतरते, आणि रसातली राख वाढली की दाणे होण्याऐवजी साखर मळीत अडकते. उतारा का घटला म्हणून आपण एकमेकांकडे बघत बसतो, त्याला एक कारण हेही असू शकते.

मळीत गेलेले ते पालाश पुढे आसवनीच्या स्पेंटवॉशमध्ये जाते. तो जाळून राहिलेल्या राखेपासून पालाश खत करतात, त्यात कमीत कमी १४.५ टक्के पालाश असावे असे प्रमाण आहे. २०२१ साली केंद्र सरकारने या मळीजन्य पालाशला अनुदानाच्या यादीत घेतले. रानातून गेलेला माल रानात परत येण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे पाचट न जाळणे. पाचटात पालाश असतेच, शिवाय ते कुजताना जिवाणूंना अन्न मिळते. वर सांगितलेले दरवाजे चालतात ते अन्नाच्या जोरावर. उपाशी जिवाणू ना हायड्रोजन बाहेर टाकू शकतो ना पंप चालवू शकतो.

बाटली वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मी स्वतः एकदा जिवाणूंच्या बाटल्या भर एप्रिलात जीपच्या मागच्या सीटवर ठेवून दिवसभर गावे फिरलो. संध्याकाळी सभासदांच्या हातात दिल्या त्या बहुधा मेलेल्या जिवाणूंच्याच होत्या, आणि त्याचा दोष कोणा दुसऱ्याचा नव्हता. सावलीत ठेवा, मुदतीची तारीख पाहा. आणि कोरड्या सरीत ओतू नका. वाफसा असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून मुळाजवळ द्या. म्युरेट ऑफ पोटॅश आणि जिवाणू एकाच बादलीत कालवू नयेत. दाट क्षाराच्या पाण्यात पडलेल्या जिवाणूवर काय वेळ येते ते वर वाचलेच आहे. मधे आठ-दहा दिवसांचे अंतर असू द्यावे.

तो प्रश्न विचारणारे सभासद यंदाच्या गटसभेत परत भेटले. त्यांनी निम्म्या रानात पोटॅशसोबत जिवाणू आणि निम्म्यात नुसते पोटॅश असे दोन भाग ठेवले आहेत. दोन्हींचे वजन काट्यावर वेगवेगळे घ्यायचे ठरले आहे.